भांडण मोठ्यांचं, निरोप्या मात्र पोरगं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

"मुलांसाठी म्हणून एकत्र राहतोय" हे वाक्य शाळेत शिकवताना पालकांकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता खरंच राग येतो. रोज रात्री भांडायचं नाहीतर आठ-आठ दिवस अबोला धरायचा आणि पावती मुलांच्या नावावर फाडायची. वर आणि "तेव्हा ते झोपलेलं असतं हो, त्याला काय कळतंय". २०१३ मधे ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता, ६ ते १२ महिन्यांच्या बाळांना झोपेत चिडका आवाज ऐकवून मेंदूचं स्कॅनिंग केलेलं, तर ज्यांच्या घरी आईबाबांची भांडणं जास्त त्या बाळांच्या मेंदूतले ताणाशी संबंधित भाग त्या आवाजाला जास्त प्रतिसाद देत होते. अभ्यास छोटाच होता, २० बाळं, पण "त्याला काय कळतंय" म्हणणाऱ्यांनी जरा विचार करावा.

मग वेगळं झालं की सुटलं का? तसंही नाही. मेविस हेदरिंग्टन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक वर्षं घटस्फोट झालेल्या घरातल्या मुलांचा अभ्यास केला, त्यात साधारण २५ टक्के मुलांना पुढे गंभीर अडचणी आल्या, एकत्र असलेल्या घरात हेच प्रमाण १० टक्के होतं. म्हणजे धोका वाढतो हे खरं, पण बहुतेक मुलं सावरतात हेही तितकंच खरं. (मारहाण होत असेल तिथे तर वेगळं व्हायलाच हवं, त्यावर चर्चा कसली.)

सावरू न देणारी गोष्ट म्हणजे घर दोन झाली तरी भांडण चालूच राहतं, फक्त आता ते पोराच्या मार्फत चालतं. "बाबांना सांग फी राहिलीये", "आईकडे हल्ली कोण कोण येतं रे?" माझ्या वर्गातला एक मुलगा पालकसभेच्या आधी हळूच येऊन म्हणाला, मिस दोघांना वेगळा वेगळा टाइम द्या ना, आणि आईला आधीचा द्या, बाबा लेट येतात. वय वर्षं नऊ, आणि वेळापत्रक हा लावतोय! अशी मुलं एका घरून दुसऱ्या घरी गेली की "तिकडे काही मजा नाही आली" असं सराईतपणे खोटं सांगतात, कारण मजा आली म्हटलं की समोरचा चेहरा उतरतो हे त्यांना पाठ झालेलं असतं. आपण त्याला समजूतदार म्हणून शाबासकी देतो. लहान्यांचं अजून वेगळं, त्यांना वाटतं आपण हट्ट केला म्हणूनच हे झालं, पण ते बोलत नाहीत, पोट दुखतं म्हणतात, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं. डॉक्टरकडे नेलं तर पोटात काही सापडत नाही.

१९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात स्पष्ट आहे की मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क आहे. मुलाचा, बरं का. तो बक्षीस म्हणून द्यायचा किंवा शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नसतो.

म्हणून पालकांना एवढंच सांगणं आहे, फी, सुट्ट्या, कुणाकडे किती दिवस हे एकमेकांना थेट मेसेज करून ठरवा. पोराला फक्त उद्या शाळेतून न्यायला कोण येणार आणि दप्तर कुठे राहणार हे आधी सांगा, त्याला त्याचंच टेन्शन जास्त असतं. आणि थेट बोलणं जमतच नसेल तर मामा, आत्या, समुपदेशक कुणालाही मधे घ्या, पण तो माणूस मोठा असू द्या.

आपली,
एक शिक्षिका