साडी भिजली तर भिजू दे

फ्लिक-आँ-फ्लाक, मॉरिशस
९ डिसेंबर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रोज फोन होतोच, पण फोनवर जेवण, औषधं आणि हवा यापलीकडे बोलणं जात नाही. म्हणून हे निवांत बसून लिहितेय. परवा निघायचं आहे.

पहिले पाच दिवस आम्ही नुसते पळत होतो. शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलाव, पोर्ट लुईचा बाजार, सगळं झालं. सहाव्या दिवशी सकाळी बोटीची सहल ठरली होती. निखिल म्हणाला, "आज कुठेच नको जाऊया." तेव्हापासून आम्ही काहीही केलेलं नाही. सुरूच्या झाडाखाली चटई टाकतो, पाण्यात जातो, भूक लागली की उठतो.

इथला समुद्र आपल्या कोकणासारखा अंगावर येत नाही. किनाऱ्यापासून लांब पोवळ्यांचा बांध आहे, लाटा तिथेच फुटतात. ती पांढरी रेघ दिसते, तिचा आवाज येतो, आणि अलीकडचं पाणी तळ्यासारखं पडून असतं. छातीभर पाण्यात उभं राहिलं तरी आपल्या पायाची बोटं दिसतात. पोवळ्याचे तुकडे फार बोचतात, म्हणून रबरी बूट घालून उतरतो.

बाबा, इथे आत्ता गुलमोहर फुललाय. डिसेंबरात! विषुववृत्ताच्या खाली आलो की ऋतू उलटे. आपल्याकडे आता १ मेला साताऱ्यात गुलमोहराचा दिवस करतात; मी लहान असताना तुम्ही मला खांद्यावर घेऊन तो लाल रस्ता दाखवायचात. इथे रस्त्याच्या कडेला तसाच सडा पाहिला आणि मी गाडी थांबवायला लावली. बाजारात आंबेही आलेत, पण हापूसची सर नाही.

आई, तुला एक सांगायचंय, धोलपुरीचं. नाव पुरीचं, पण ती तुझी पुरणपोळीच आहे, फक्त गुळाविना. पिवळी डाळ शिजवून कोरडी वाटतात, हळद-जिरं घालून पोळीत भरतात आणि इतकी पातळ लाटतात की आतून डाळीचे कण दिसावेत. गाडीवरची बाई दोन धोलपुऱ्या एकावर एक ठेवते, वर मोठ्या पावट्यासारख्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा, हिरव्या मिरचीची चटणी, की गुंडाळी करून कागदात देते. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, मिरचीने नव्हे. १८३४ पासून सुमारे पाच लाख माणसं आपल्या देशातून ऊस तोडायला इथे आणली गेली. त्यांत रत्नागिरीकडचीही होती. पोर्ट लुईत आप्रवासी घाटाच्या ज्या दगडी पायऱ्या ती चढली, त्या आम्ही पाहिल्या. हातात गाठोडं आणि डोक्यात ही पोळी, एवढंच घेऊन आली असतील. गणेश चतुर्थीला इथे अजून सरकारी सुट्टी असते.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. रविवारी इथली माणसं पातेली घेऊन किनाऱ्यावर येतात, दिवसभर राहतात. त्यांत एक आजी-आजोबा होते, तुमच्याच वयाचे. दोघं कपड्यांसकट पाण्यात बसले होते, कमरेपर्यंत. आजोबांनी आजींचं कोपर धरलेलं. तासभर तसेच गप्पा मारत होते. उठायची घाई कुणालाच नव्हती.

मला गणपतीपुळे आठवलं. मी चौथीत होते. आई, तू निऱ्या वर धरून घोटाभर पाण्यात उभी होतीस आणि हसत होतीस. तसं हसताना मी तुला क्वचितच पाहिलंय. बाबांनी घड्याळ पाहिलं, चारची एसटी होती, आणि तू लगेच पाय पुसायला लागलीस. त्यानंतर समुद्र झालाच नाही. माझी फी, आजीचं आजारपण, घराचे हप्ते. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, पण मला ते कळायला चाळिशी यावी लागली, याचं वाईट वाटतं.

इथे साडेसहानंतर सूर्य पाण्यात उतरतो. तुमच्याकडे तेव्हा आठ वाजून गेलेले असतात, ताटं वाढलेली असतात. तीन संध्याकाळी मी तुम्हालाच आठवत बसलेय. निखिललाही ते माहीत आहे.

फेब्रुवारीत आपण चौघं गुहागरला जातोय, चार रात्री. मी रजा टाकणार आहे. घर समुद्राला लागून घेऊ, जिने नसलेलं, बाबांचे गुडघे बघता. देवदर्शन एखाद्या सकाळी, बाकी काही ठरवायचं नाही. बाबा, घड्याळ घरी ठेवा. बीपीच्या गोळ्यांची वेळ मी सांभाळते.

आई, साडी भिजली तर भिजू दे. दोन जादा बांधून घेऊ.

तुमची,
मीनू