‘कॅटाकोम्ब’ म्हणजे भुयार नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रोममधील कॅटाकोम्बविषयी, म्हणजे तेथील प्राचीन भूमिगत दफनस्थळांविषयी, मराठीत लिहिताना ‘भुयार’ हा शब्द सर्रास वापरला जातो, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र. भुयार म्हटले की नकळत निसटण्याची चोरवाट डोळ्यांसमोर येते, आणि आद्य ख्रिस्ती लोक छळाला भिऊन तेथे लपून राहत होते, ही जुनी चुकीची समजूत आणखी पक्की होते.

वस्तुतः ती दफनाची जागा होती. नगराच्या हद्दीत मृतांना पुरण्यास रोमन कायद्याची मनाई असल्यामुळे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून ॲपियन मार्गासारख्या रस्त्यांलगत, खोदायला मऊ अशा ज्वालामुखीजन्य दगडात ही दालने कोरली गेली. अरुंद बोळांच्या दोन्ही भिंतींत एकावर एक आडवे कोनाडे काढीत, त्यांत मृतदेह ठेवून तोंड संगमरवरी फरशीने किंवा भाजलेल्या कौलांनी बंद करीत, आणि चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यात कोणी एखादे नाणे, कोणी काचेच्या भांड्याचा तळ दाबून बसवीत असे. ज्यांच्या फरशीवर नाव नाही, अशांची जागा घरच्यांना त्या खुणेवरून ओळखता येत असावी. ज्या ठिकाणी स्वकीयांची आठवण इतक्या मायेने जपली, त्याला भुयार म्हणणे मला तरी फार रुक्ष वाटते. रोममध्ये ज्यू लोकांचेही कॅटाकोम्ब आहेत, हे तर आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते.

‘कॅटाकोम्ब’ हे मुळात एका जागेचे नाव. ॲपियन मार्गावर, आज संत सेबास्तियन यांचे चर्च आहे तेथील खोलगट भागाला ते होते. पुढे तशा सर्वच स्थळांना लागू झाले. पॅरिसने ते रोमवरूनच उसने घेतले. तेथे जमिनीखाली मुळात कोणाला पुरलेच नव्हते. 1786 पासून शहरातील भरून गेलेल्या दफनभूमींमधील अस्थी जुन्या दगडखाणींत हलवण्यात आल्या, आणि त्या सुमारे साठ लाख लोकांच्या असाव्यात असे मानले जाते. म्हणून नाव तेच असले, तरी पॅरिसच्या संदर्भात ‘अस्थिगृह’ असा खुलासा हवा. उलट अलेक्झांड्रियातील कोम अल शुकाफा येथे खडकात कोरलेल्या खऱ्याखुऱ्या कबरी असल्याने तेथे ‘भूमिगत दफनस्थळ’ हे वर्णन चपखल बसते.

कॅटाकोम्ब हा शब्द मराठीत राहू द्यावा, मात्र पहिल्या उल्लेखाच्या वेळी त्यापुढे ‘भूमिगत दफनस्थळ’ किंवा ‘अस्थिगृह’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे, अशी आपल्या संपादकीय विभागाला विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक