काकू, त्या सॉसच्या बाटलीबद्दल

ती. काकूंस,
साष्टांग नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून दांडिया बाजारातच पत्र, तेही एकाच जिन्यातल्या घरी! पण तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘चल, आगाऊ’ म्हणून चहा टाकायला उठता. म्हणून हे चारचौघांत.

बाबांचा टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आमच्याकडे सुतक असल्यासारखी शांतता होती. दोन पानं इंग्रजी आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘एलव्हीईएफ ४५%’. डॉक्टरांनी ‘हार्ट थोडं वीक आहे, गोळ्या चालू करा’ एवढं सांगून पुढचा नंबर पुकारला होता. रिक्षात बाबा म्हणाले, “म्हणजे पंचावन्न टक्के गेलं.” शेजारच्या भाईंनी तर रिपोर्ट न बघताच ‘हार्ट पहोळुं थई गयुं हशे’, म्हणजे हृदय मोठं झालं असणार, असा निकाल लावला. जन्मभर पेपर तपासलेल्या माणसाला पंचेचाळीस म्हणजे काय वाटणार? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जिना उतरणं सोडलं. लॉकरची किल्ली कुठे असते ते मला दोनदा दाखवलं.

तुम्ही वर आलात ते वाटीभर साखर परत करायला. चष्मा लावून रिपोर्ट वाचलात आणि आईकडे सॉसची रिकामी बाटली मागितलीत. ती धुतलीत, पाण्यानं भरलीत. “मास्तर, दाबा.” बाबांनी एकदाच, जोर लावून दाबली. पाणी बेसिनमध्ये, थोडं तुमच्या साडीवर, आणि बरंचसं बाटलीतच.

“बघा, निरोगी हृदयही एका ठोक्यात रिकामं होत नाही. डावीकडचा खालचा कप्पा भरला की त्यात साधारण १२० मिलीलीटर रक्त, ठोक्याला बाहेर पडतं ७०. झाले अठ्ठावन्न टक्के. हाच तो एलव्हीईएफ. ५५ ते ७० म्हणजे नॉर्मल. शंभरपैकी शंभर कुणालाच नाहीत. तुमचे पंचेचाळीस सत्तरपैकी धरा. कमी आहेत, नाही कशाला म्हणू? म्हणून तर गोळ्या.”

बत्तीस वर्षं हृदयाच्या वॉर्डात सिस्टर होतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. ‘हायपोकायनेटिक’ हा शब्द मी पुण्याच्या ताईला फोनवर ‘हायपर’ म्हणून वाचून दाखवला होता आणि ती रडली होती. तुम्ही म्हणालात, हायपो म्हणजे कमी, भिंतीचा तेवढा तुकडा आळसावलाय. ‘अकायनेटिक’ असतं तर अजिबात हलत नाही असा अर्थ. ‘ट्रिव्हियल टीआर’ म्हणजे उजवीकडची झडप मिटताना जरासं रक्त मागे येतं, धडधाकट माणसांतही दिसतं. आणि डावीकडच्या मायट्रल झडपेचं नाव बिशपच्या दोन टोकांच्या टोपीवरून पडलंय, हे ऐकून बाबा दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. मग अर्थातच त्यांनी सयाजीराव काढले: महाराजांच्या राज्यात १९३१ साली कारभारातल्या इंग्रजी शब्दांना आपल्या भाषांतले प्रतिशब्द देणारा कोश निघाला, रिपोर्टांसाठी कुणी काढेल का?

औषधाबद्दल मात्र तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. लाइट बिलाच्या पाठीवर तीन प्रश्न लिहून दिलेत: तो तुकडा का आळसावला, जुना अटॅक आहे का? अँजिओग्राफी लागेल का? परत इको कधी? खाली बारीक अक्षरात, ‘शक्यतो त्याच मशीनवर. मोजणारा बदलला की आकडा पाच-सातनं हलतो.’ तो कागद समोर ठेवला तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे टेकून वीस मिनिटं बोलले. पहिल्या दिवशी त्यांना वेळ नव्हता; समज नव्हती असं नाही, एवढं आता मला कळतं.

बाबा आता रोज संध्याकाळी सूरसागर तलावापर्यंत जाऊन येतात, डॉक्टरांना विचारूनच. बाटली आईनं भंगारात काढली होती, ती त्यांनी परत आणली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘दाबा’ म्हणतात. परवा पाहुण्यांनी बेसिनपर्यंत न जाता बैठकीतच दाबली आणि सोफा भिजला. तो खर्च तुमच्या नावावर लिहिलाय.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा