चि. मृणालला, फंड काढण्याआधी

गावभाग, सांगली

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून स्वतःचा फंड काढतेय, आणि "आई, यावर चर्चा नको," असं म्हणून फोन ठेवलास. चर्चा करत नाही. लिहितेय.

सेबीच्या तिसऱ्या वर्गातला, म्हणजे उधारीवरही सौदे करू शकणारा, 100 कोटींचा गुंतवणूक फंड. सेबीच्या नियमानं तुझा वाटा 5 टक्के किंवा 10 कोटी, यातलं जे कमी ते. म्हणजे 5 कोटी. स्वतःची फी माफ करून तो भरला असं दाखवता येत नाही, पैसेच घालावे लागतात. त्यातले अडीच कोटी फ्लॅट तारण ठेवून उचलणार, हे तू जाता जाता बोललीस. 11 टक्के धरले तर नुसतं व्याज वर्षाला साडेसत्तावीस लाख. वर फंडालाही निव्वळ मालमत्तेच्या दुपटीपर्यंत सौदे करायची मुभा. उधारीवर उधारी झाली ही.

पहिलं वर्ष वाईट गेलं असं धर. 100 चे 80 झाले. तुझी 2 टक्के फी 2 कोटींवरून 1 कोटी 60 लाखांवर आली; भाडं, डीलर, डेटा, ऑडिट तेवढंच. नफ्यातला वाटा 100 परत ओलांडेपर्यंत शून्य, आणि 80 चे 100 व्हायला 20 नाही, 25 टक्के लागतात. बोनस दिसत नाही म्हटल्यावर चांगली पोरं आधी जातात. गुंतवणूकदारही नेमके तेव्हाच पैसे मागतात. बँकेचा हप्ता मात्र चालूच.

तुझा अंदाज चुकेल असं म्हणत नाही गं. बरोबर असूनही माणूस बुडतो. गोदामात 100 टन राजापुरी हळद आहे आणि तेवढीच वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, विकली आहे, 5 टनांचे 20 लॉट. दर क्विंटलला 1,000 नं चढला की गोदामातला माल 10 लाखांनी वधारतो, पण कागदावर. वायद्याचे 10 लाख मात्र रोख भरायचे. नाही भरले तर दलाल सौदा कापतो, मग महिन्यानं भाव उतरला तरी काय उपयोग? त्यात वायदा निजामाबादच्या दरावर, माल इथला. दोन्ही सारखे हलतीलच असं नाही.

1998 मध्ये अमेरिकेतल्या लाँग टर्म कॅपिटल या फंडाचं हेच झालं. दोन नोबेलवाले भागीदार, भांडवलाच्या पंचवीसपट कर्ज. शेवटी 14 बँकांनी 360 कोटी डॉलर घालून सावरलं. तू म्हणशील, पहिला हेज फंड काढणाऱ्या जोन्सनंही 1949 मध्ये उधारीवर शेअर घेतले होते. घेतले, पण सुरुवातीच्या 1 लाख डॉलरमधले 40,000 त्याचे स्वतःचे होते.

झालं माझं व्याख्यान सुरू. राग मानू नकोस. हे तू मला शिकवावंस, एवढी मोठी झालीस. आठवीत असताना नानांच्या हिशेबपट्टीतली तोलाईची चूक काढलीस आणि दिवाणजी दिवसभर गप्प होते. काकू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. परवा तर तुझा पगारही सांगून मोकळ्या झाल्या.

फंड काढ. 50 कोटींचाच काढ, तुझा वाटा अडीच कोटी होतो आणि तेवढे तुझ्याजवळ आहेत. फी निम्मी येईल, म्हणून दोन वर्षांचा ऑफिसखर्च वेगळ्या खात्यात काढून ठेव. नाहीच ऐकलंस तर कर्ज निदान स्थिर व्याजाचं घे, आणि आधी फेडलं तर दंड किती ते लेखी घे. गणपतीला येताना मंजुरीचे कागद आण, सही करायच्या आधी. बाबांना यातलं सांगितलेलं नाही.

तुझी,
आई