ईस्टरच्या रविवारी काम नको

महोदय,

आमच्या कचेरीत हिशेब विभागातल्या मॅडम बेळगावच्या कॅम्पात राहतात. चाळीस दिवसांचा उपवासकाळ संपला की ईस्टरच्या दुपारी त्या आम्हा सगळ्यांना घरी जेवायला बोलावतात. आम्ही कुंदा घेऊन जातो. उन्हे उतरली की सगळे मिळून राजहंसगडावर. येळ्ळूरच्या वाटेवर आंबे कैऱ्यांनी लगडलेले असतात, कुठे एखादा पांगारा लालभडक. मराठी, कन्नड, कोकणी अशा गप्पा चालतात आणि वर्षभर फायलींवरून भांडणारे दोघे एकाच कागदातली भेळ खातात. मला तो दिवस दिवाळीइतकाच प्रिय आहे.

2024 साली ईस्टर नेमका 31 मार्चला आला. वर्षअखेरीच्या कामासाठी सर्वांना बोलावले गेले. मॅडम चर्चमधून थेट कचेरीत आल्या, डबाही न घेता. फार वाईट वाटले.

21 मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ईस्टर. तारीख कितीतरी वर्षे आधी कळते. ती पाहूनच कामाच्या पाळ्या लावाव्यात, ही सर्व कार्यालयप्रमुखांना कळकळीची विनंती.

एक कर्मचारी, शहापूर, बेळगाव