मुलांच्या पानावर अर्धवट चित्र छापा

मा. संपादक,
स. न.

मुलांच्या पानावर आपण रंगवण्यासाठी तयार चित्र छापता. रेषेच्या आत रंग भरून हात वळतो, हे खरे. पण चित्रात काय असावे हे मोठ्यांनी आधीच ठरवलेले असते. दुसरीकडे, कोरा कागद देऊन ‘मनातलं काहीही काढ’ म्हटले की हमखास दोन डोंगर, मधोमध सूर्य आणि पायथ्याशी घर उतरते, कारण तेवढे हाताला पाठ असते. मुलांची कल्पना जागी होते ती एखाद्या छोट्याशा अडचणीने.

शाईचा डाग ही अशीच एक अडचण. डागाळलेल्या भिंती निरखा, त्यांत डोंगर, लढाया, चेहरे सापडतील, असे लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना सांगून ठेवले आहे. मुलांसाठी जाड ड्रॉइंग पेपर घ्यावा. वहीचा पातळ कागद ओलीने सुरकुततो. जलरंग दुधाइतका पातळ करून चार-पाच थेंब टाकावेत आणि स्ट्रॉने फुंकून पसरवावेत. कागद मधोमध दुमडून दाबू नये. तसे केल्यास दोन्ही बाजू सारख्या उमटतात आणि सगळ्यांना फुलपाखरूच दिसते! डाग पूर्ण वाळल्यावर कागद चारही बाजूंनी फिरवून बघायचा आणि काळ्या पेनाने डोळे, पाय, दार, शिडी, जे लागेल तेवढेच जोडायचे. खोडरबर दूर ठेवावा, नाहीतर सगळा वेळ पहिल्याच रेषेवर जातो.

यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा, आणि मोठी माणसे नेमकी इथेच चुकतात. ‘हे काय आहे?’ असे विचारले की मूल एक नाव सांगून गप्प होते, किंवा नाव सुचले नाही म्हणून ओशाळते. ‘हा कोणापासून लपलाय?’, ‘याला रात्री कसला आवाज येतो?’ असे विचारावे. जे उत्तर येईल ते गोष्टीचे पहिले वाक्य. पाच-सहा वर्षांच्या मुलांची अक्षरे त्यांच्या विचारांमागे धावत असतात, म्हणून त्यांचे उत्तर मोठ्यांनी लिहून घ्यावे, पण त्यांच्याच शब्दांत, न सुधारता.

वाचू-लिहू लागलेल्यांसाठी चिठ्ठ्यांचा खेळ आहे. 40 चिठ्ठ्यांवर 40 नामे लिहा आणि दोन उचलायला सांगा. ढग आणि कपाट आले, समजा. मराठीत प्रत्यय बदलला की गोष्टच बदलते: कपाटातला ढग, ढगाचे कपाट, ढगावरचे कपाट, कपाटाला घाबरणारा ढग. अशा चार जोड्या लिहून मुलाने एक निवडावी. छत्री आणि पाऊस निघाले तर एक चिठ्ठी परत टाकावी. त्या दोघांची गोष्ट सगळ्यांना ठाऊकच असते. अट एकच, ‘आणि मग त्याला जाग आली’ असा शेवट चालणार नाही. गाठ सुटेनाशी झाली की मुले या वाक्याचा आधार घेतात. अशा वेळी लेखन थांबवून तीन चौकटी आखून द्याव्यात आणि पुढे काय झाले ते काढायला सांगावे. शब्दांत न सापडलेली वाट पुष्कळदा रेषेत सापडते. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या दिवशी बघावे. पहिल्याच खर्ड्यावर लाल शाई दिसली की मूल लिहिता येतील तेवढेच शब्द वापरू लागते.

नऊ-दहा वर्षांच्या सुमारास ‘मला चित्र येत नाही’ सुरू होते. खरी वस्तू आणि आपले चित्र यांतला फरक मुलाला आता दिसतो, त्यामुळे ‘छान आहे’ म्हणून त्याचे समाधान होत नाही. त्याला साधन द्यावे. पुठ्ठ्यात 5 × 7 सेंमीची खिडकी कापावी, एक डोळा मिटून तिच्यातून बघावे आणि आत दिसेल तेवढेच काढावे. खिडकीबाहेर काय राहिले, ते लिहावे.

आपल्याला विनंती अशी की, पुढच्या अंकापासून रंगवायच्या चित्राच्या जागी एक डाग किंवा अर्धवट आकार छापावा आणि त्यावरून आलेली चार अगदी वेगवेगळी चित्रे, गोष्टींसह, पुढील आठवड्यात द्यावीत. बक्षीस मात्र ठेवू नये. पहिल्या क्रमांकाचे चित्र छापून आले की पुढच्या वेळी त्याच्याच नकला येतात. वर्तमानपत्राच्या कागदावर स्केचपेनची शाई फुटते, तेव्हा खाली ‘पेन्सिल किंवा बॉलपेन वापरा’ एवढी सूचना असू द्यावी.

आपले,
काही कलाशिक्षक व भाषाशिक्षक