काकाजी, माझा अर्ज फाडला त्याबद्दल थँक्यू

काकाजी नमस्कार,

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे मला माहीत आहे, पण तुमचा नातू दिवसभर त्यातच असतो, तो वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहून राहिली. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही. तहसीलच्या गेटसमोर निंबाखाली टेबल मांडून बसणारे टायपिंगवाले काकाजी, एवढं म्हटलं तरी आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यातले लोक समजून जातात.

गेल्या जानेवारीत मी तुमच्याकडं आली तेव्हा आधीच तीन ठिकाणी फिरून आली होती. गावाच्या उगवतीला गिट्टी क्रशर, तिथून माझी अंगणवाडी अर्ध्या किलोमीटरवर बी नाही, सकाळी उगवतीची हवा सुटली की सगळा फुफाटा आमच्यावरच. खिचडी वाढताना एका हातात झाकण धरून वाढायची, पोरं खोकून राहिले, आणि घरच्या वावरात संत्र्याला आंबिया बहाराची फुलं निघालेली तर झाडं सगळी पीठ शिंपडल्यासारखी पांढरी. सरपंचाला सांगितलं, पोलीस स्टेशनात सांगितलं, तहसीलमध्ये दोनदा कागद दिला, सगळीकडं एकच, हे आमच्याकडं येत नाही बाई. तेव्हा लय राग यायचा. आता वाटते त्यांचंही सगळंच चुकत नव्हतं, मीच दवाखान्यात जाऊन रेशनकार्ड मागत होती.

तुम्ही माझा अर्ज वाचला (वीस ओळींचा होता, रात्री जागून लिहिला होता), चष्मा काढला आणि सरळ दोन तुकडे केले. "बाई, हे रडगाणं झालं, अर्ज नाही. कोणाले सांगून राहिले आन् काय पायजे, हे याच्यात कुठीच नाही." मला रडूच आलं होतं खरं तर. मग तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून दिलं की खदान आणि रॉयल्टीचं काम तहसील अन् खनिकर्मवाल्यांचं, ताडपत्री न टाकता पळणारे टिप्पर आरटीओचे, गावात कचरा जाळत असतील तर ग्रामपंचायत, आणि क्रशरची धूळ म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, त्याचं प्रादेशिक कार्यालय अमरावतीला. तो कागद अजून माझ्या अंगणवाडीच्या भिंतीवर आहे, वजनाच्या तक्त्याच्या बाजूला. शेजारच्या गावातल्या आशाताईनं फोटो काढून नेला त्याचा.

आणि तिथंही तुम्ही लगेच तक्रार टाइप केली नाही. म्हणाले आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाकू. मला वाटलं हे काय नवीन, पोरं खोकून राहिले आणि हा माणूस 30 दिवस थांबा म्हणते. पण तुमचं गणित बरोबर होतं. 1981 च्या हवा कायद्यात अशा धंद्याला मंडळाचं संमतीपत्र लागते, एक उभारायच्या आधी आणि एक चालवायचं, आणि त्या संमतीपत्रात अटी असतात. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून आपण त्याचीच प्रत मागितली. प्रत आली तर त्यात सगळं साफ लिहिलेलं, मशीनला पत्र्याचं झाकण, पाण्याचे फवारे, वारा अडवायला भिंत, कडेनं झाडांच्या रांगा. आमच्या क्रशरवर यातलं काय होतं तर फक्त एक पाण्याची टाकी, तीही रिकामी, तिच्यावर कावळे बसायचे.

तोपर्यंत रिकामं बसू नका म्हणाले तुम्ही. "तुम्ही पोरायचं वजन रजिस्टरात लिव्हता ना, मंग याचं बी लिव्हा." मग मी रोज लिहिलं, तारीख, मशीन किती वाजता सुरू, किती वाजता बंद, हवा कुठून कुठं. स्टीलचं एक ताट धुवून पुसून सकाळी ओट्यावर ठेवायची आणि सायंकाळी त्यावर बोटानं रेघ ओढून फोटो, जागा तीच, ताट तेच. माझी सासू म्हणे पागल झाली ही. ताट काही सरकारी पुरावा नाही, मोजमाप मंडळाच्या मशीननंच होते, हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, ताट फक्त साहेबाला इथपर्यंत आणायसाठी. मी मधात हवा किती खराब ते दाखवणारं समीर ॲप पण टाकून पाहिलं, पण त्यात शहरातल्या स्टेशनांचे आकडे येतात, आपल्या खेड्याचं नावच नाही, मग आपलं ताटच बरं.

तक्रार शेवटी एका पानाची झाली. अट क्रमांक अमुक, तिथं प्रत्यक्षात अमुक, सोबत 26 दिवसांची नोंद आणि फोटो, मागणी एकच, जागेवर येऊन तपासणी करा. खाली तुम्ही स्वतः एक ओळ जोडली, क्रशरपासून ठरलेल्या अंतरावर तरंगती धूळ घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या वर नको असा नियम आहे, ते मोजून मिळावं. हे तुम्हाला कसं माहीत हे मी त्या दिवशी विचारलं नाही. पोस्टानं नको, हातानं नेऊन द्या, आवक नंबरचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, हेही तुमचंच. मी खरंच उठली नाही, शिक्का मारणारा भाऊ हसायलाच लागला.

साहेब आले, धूळ मोजायचं मशीन लावलं, रजिस्टर पाहिलं, क्रशरवाल्याला नोटीस गेली, काही दिवस क्रशर बंद होतं. आता फवारे लागले आहेत, पत्रे बसले, भिंत अर्धीच झाली. फवारा कधी चालू कधी बंद असते, खोटं कशाला सांगू, पण झाकण न धरता खिचडी वाढते मी आता.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहिलं नाही. 600 चा आकडा तुम्हाला कसा माहीत हे मला आता आता कळलं. त्या क्रशरचेही सगळे कागद तुम्हीच टाइप करत होते. आणि तुम्ही ते लपवलं नव्हतं, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बाई, मी त्यायचं बी काम करतो, तुमाले चालन का पाहा." मी घाईत हाव म्हणून टाकलं, मला वाटलं कुठल्या तरी दुसऱ्या मालकाचं बोलून राहिले. त्यांच्या कागदातली एकही ओळ तुम्ही मला सांगितली नाही, जे मिळालं ते आपण रीतसर मागूनच मिळवलं. तरी त्यांनी तुमच्याकडं यायचं बंद केलं, आणि त्यांच्यासोबत टिप्परवालेही गेले, हे मला तुमच्या बाजूच्या चहावाल्यानं सांगितलं. तुम्ही एक शब्द बोलले नाही. माझ्याकडून एका पानाचे वीस रुपये घेतले, आणि फाडलेल्या अर्जाचे तर घेतलेच नाही.

तुमचं गिऱ्हाईक मी परत आणून देऊ शकत नाही. पण सोमवारी मी येऊन राहिली, माझ्यासोबत आणखी तिघी आहेत, त्या बिगर ताडपत्रीच्या टिप्परांचं आरटीओला द्यायचं आहे, गाड्यांचे नंबर आणि वेळ सगळं रजिस्टरात लिहून आणते. टाइप करायचे चौघींचे पूर्ण पैसे घ्यायचे. आणि संत्र्याची थैली आणते आहे, ती मागच्या वेळेसारखी चहावाल्याला देऊन टाकू नका.

तुमची,
अंगणवाडीवाली बाई